आधी शेजारचं दार

मेजर कधीही कुणाच्या दारात सरळ जात नसत. ज्याच्याकडे काम असेल त्याच्या अलीकडच्या घरापाशी मोटरसायकल लावायची, "काय पाव्हणं, म्हस व्याली का?" असं काहीतरी विचारायचं, तांब्याभर पाणी प्यायचं. मग पुढच्या घरी म्हातारीच्या गुडघ्याची चौकशी. मग जाता जाता सहज आठवल्यासारखं तिसऱ्या दारात. आत शिरण्याआधी एकदा मान वळवून मागे बघायचं, कोण बघतंय का ते. आतलं काम चार वाक्यांचं असायचं. गोळ्या चुकत नाहीत ना, संपायच्या आधी दवाखान्यात कोण जाणार, पोटाला त्रास होतो का, घरात कुणाला कळलंय. बाहेर आले की लगेच गाडीला किक नाही. आणखी एका घरी जायचं, कारण शेवटचं घर लोकांच्या लक्षात राहतं, असं त्यांचं म्हणणं.

मी त्यांच्याबरोबर पहिल्यांदा गेले तेव्हा हे काही ठाऊक नव्हतं. उन्हानं डोकं उठलेलं, तीन घरचा चहा पोटात ढवळत होता आणि हा माणूस म्हशींच्या चौकशा करत हिंडत होता. शेवटी मी वैतागून विचारलं, "मेजर, आपल्याला नक्की जायचंय तरी कुठं?"

"जाऊन आलो की, ताई," ते म्हणाले आणि गाडीवर बसले.

त्यांचं नाव ज्ञानदेव साळुंखे. फौजेत ते नाईक होते, पण आमच्या साताऱ्याकडे फौजेतून परत आलेला प्रत्येक माणूस मेजर होतो, त्याला इलाज नाही. उंच, काटक, मिशा पिकलेल्या. बुटाला रोज पॉलिश, मग भले दिवसभर उसाच्या फडातला चिखल तुडवायचा असो. आमची संस्था एचआयव्ही झालेल्या माणसांसाठी काम करायची. ऑफिस कराडजवळ मलकापूरला, हायवेच्या कडेला, टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. गोळ्या सरकारी दवाखान्यातून फुकट मिळत. पण त्या घ्यायला माणूस येतोय का, मध्येच सोडतोय का, गाव बदललं तर पुढच्या दवाखान्यात त्याचं नाव गेलं का, गरोदर बाई असेल तर तिचं बाळंतपण योग्य ठिकाणी होतंय का, हे बघत फिरणारी माणसं आमची. त्यांचे पगार आणि पेट्रोल परदेशातल्या एका मोठ्या संस्थेच्या अनुदानावर चालायचे. मेजर ढाबे आणि ऊसतोड टोळ्या बघायचे. मी ऑफिसात बसून इंग्रजीत अहवाल लिहायची.

त्यामुळे मेजरांचं आणि माझं पटण्याचं काही कारण नव्हतं. मला चौकटी भरायच्या असत आणि ते तोंड उघडत नसत. "त्या ढाब्यावरच्या माणसाचं काय झालं?" "बरं हाय." "बरं म्हणजे?" "बरं म्हंजी बरं. तुमी ल्ह्या की इंग्रजीत कायबी." असं आमचं बोलणं.

एकदा अनुदान देणाऱ्यांनी सगळ्यांना जॅकेटं पाठवली. निळी, चांगल्या कापडाची, पाठीवर एड्सच्या कामाची ही मोठी लाल फीत आणि खाली संस्थेचं नाव. घालूनच फिरायचं, असा वर हुकूम. मेजर दुसऱ्या दिवशी जॅकेट घालून आले, पण उलटं. आतलं अस्तर बाहेर, शिवणीचे दोरे लोंबतायत.

"मेजर, उलटं झालंय."

"थंडीला उलटं-सुलटं कळत न्हाई, ताई."

पुढे परदेशी पाहुणे प्रत्यक्ष काम बघायला आले. त्यांना एक तरी घर दाखवा म्हणून आमच्या संस्थेचे प्रमुख, म्हणजे सर, मेजरांच्या मागे लागले होते. मेजरांनी पाहुण्यांना अख्खी आळी फिरवली. एका घरी ताक, एका घरी शेंगा, एका घरी सुनेनं नवीन शिलाई मशीन दाखवलं. पाहुणे खूश. गाडीत बसल्यावर त्यातल्या एकानं विचारलं, यातलं पेशंटचं घर कोणतं? मेजर फौजी हिंदीत म्हणाले, "साहब, वही नहीं बताने का काम है हमारा." त्या दिवशी सरांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून जे सुनावलं ते खालच्या टायरवाल्यानंही ऐकलं. मेजर बाहेर आले, टोपी घातली आणि मला म्हणाले, "चला, म्हंजी पुढल्या खेपेला तरी न्हाई यायचं कुणी."

हा हट्ट कुठून आला, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. फौजेत त्यांच्या पलटणीतला एक जोडीदार आजारी पडून घरी आला होता. तेव्हा या आजाराबद्दल कुणाला धड माहीत नव्हतं. मेजर सुट्टीवर आले, वर्दीतच त्याच्या गावी गेले आणि चावडीवर मोठ्यानं विचारलं, आमच्या जोडीदाराचं घर कुठलं, मिलिटरी दवाखान्यातली औषधं आणलीत. प्रेमानं विचारलं होतं हो. पण गावानं काय ते ताडलं. महिन्याभरात त्याचं अंथरूण गोठ्यात गेलं, आणि गोठ्यातच तो गेला. "म्या त्येला मारला," मेजर म्हणाले. "आजारानं न्हाई. म्या." मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. त्यानंतर तो विषय कधीच निघाला नाही.

आता त्या मुलीबद्दल. तिला मी इथं चंद्रा म्हणते. हे तिचं नाव नाही आणि तिचं गाव तर मी सांगणारच नाही. मेजरांनी वाचलं तर मला फाडून खातील.

चंद्रा बीडकडची. नवराबायको दोघं ऊसतोडीला आलेली, वाळव्याच्या बाजूला नदीकाठच्या एका टोळीत. ती पहिलटकरीण होती. आमच्या शिबिरात रक्त तपासलं तेव्हा कळलं, मग नवऱ्याचंही तपासलं. दोघांच्या गोळ्या सुरू झाल्या. नवरा, त्याला आपण बाळू म्हणू, मुकाट गोळी घ्यायचा. त्याला भीती एकच होती. टोळीला कळलं तर पाण्याच्या घागरीला हात लावू देणार नाहीत आणि मुकादम हाकलून देईल. मेजर त्या टोळीत पंधरवड्याला जायचे. सगळ्या कोप्यांची, म्हणजे त्यांच्या पाचटाच्या झोपड्यांची, फेरी व्हायची. कुणाच्या जखमेवर मलम, मुकादमाच्या आईच्या गुडघ्याला तेल. संक्रांतीला प्रत्येक कोपीत तिळगूळ वाटला. चंद्राचं बाळंतपण सरकारी दवाखान्यातच व्हायला हवं होतं, कारण जन्मल्या जन्मल्या बाळाला औषध सुरू करावं लागतं. ते वेळेवर मिळालं आणि आईच्या गोळ्या चुकल्या नाहीत, तर बाळ सुटण्याची चांगली आशा असते. मेजरांनी दवाखान्यात सगळं बोलून ठेवलं होतं.

आणि अशातच एका सकाळी अनुदान देणाऱ्यांचा ईमेल आला. काम थांबवा. आजपासून, आत्तापासून. त्यांच्या देशात सरकारचं धोरण बदललं होतं. पुढची सूचना येईपर्यंत एकाही माणसानं बाहेर जायचं नाही, गाड्या जमा करायच्या. मी ते दोनदा वाचलं आणि सरांना दाखवलं. सर खुर्चीत बसूनच राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. मला त्या माणसांचा इतका संताप आला की इंग्रजीत जमेल तेवढं वाईट उत्तर मी लिहून काढलं. पाठवलं नाही.

मेजर जिन्यात भेटले. मी सांगितलं.

"गोळ्या?" त्यांनी विचारलं.

"गोळ्या सुरू आहेत. त्या सरकारच्या. आपण बंद."

"मग चंद्राला कोण नेनार?"

त्यांना सकाळीच बाळूचा फोन आला होता. त्या भागातला ऊस संपला, टोळी उद्या पहाटे हलणार, कुठं ते मुकादमालाही अजून कळलेलं नाही. बाळूकडे फोन असायचा, पण तो चार्ज असेलच असं नाही. एकदा टोळी हलली की हुडकायची कशी? चंद्राला आठवा महिना लागलेला. कुठल्यातरी फडाच्या कडेला टोळीतल्याच बाईच्या हातून बाळंतपण होणार, बाळाला औषध मिळणार नाही, हे आम्हा दोघांनाही स्वच्छ दिसत होतं.

मेजर वर आलेच नाहीत. मोटरसायकलचा आवाज आला. वरून सर ओरडले, "थांबवा त्यांना! गाडीचा विमा आजपासून नाही, काही झालं तर संस्था गोत्यात येईल!" म्हणून मी माझी स्कूटी काढली आणि मागे लागले. त्यांना परत आणायला, हे मी मुद्दाम सांगते.

टोळीपाशी पोचले तेव्हा दुपार होती. कोप्या मोडायला सुरुवात झालेली. ताडपत्र्या, भांडी, कोंबड्या, सगळं बाहेर. मेजरांची गाडी मी बघितली आणि स्कूटी तिथंच थांबवली. गाडी चंद्राच्या कोपीसमोर उभी होती. अलीकडच्या नाही, पलीकडच्या नाही, थेट तिच्या दारात. आणि मेजर तिला सांगत होते, "लगीच निघायचं, आवर."

इतक्या वर्षांचा नेम, आणि नेमका आज मोडला.

मुकादम ताडपत्रीची दोरी सोडत होता. तो थांबला. "मेजर, आज सरळ हिच्याच कोपीवर? आमच्या म्हातारीचा गुडघा बरा झाला काय?"

तो हसत बोलला, पण दोरी त्याच्या हातात तशीच राहिली. भांडी भरणाऱ्या बायकांनी माना वर केल्या. एक जण म्हणाली, "मागच्या टायमालाबी हितंच लई वेळ बसले व्हते." दुसरी म्हणाली, "दवाखान्याचे हायेत ना हे? काय झालंय हिला?"

चंद्रानं पदराचं टोक तोंडात धरलेलं. बाळूच्या हातात पाण्याची घागर होती, ती त्यानं हळूच खाली ठेवली आणि घागरीपासून एक पाऊल मागे सरकला, जणू उद्यापासून त्याला तिला शिवता येणारच नव्हतं. मेजरांकडे मी बघितलं. तोंडाचा रंग उडाला होता. तो गोठ्यातला जोडीदार त्यांना आठवला असणार, दुसरं काय? मला वाटलं, संपलं. आता हे काहीतरी बोलतील, ते खोटं वाटेल आणि ही पोर आज रात्री रस्त्यावर येईल.

मेजरांनी टोपी काढली. "व्हायचं काय? लेकीला न्यायला आलोय."

"कुणाच्या लेकीला?"

"माझ्या. संक्रांतीला तिळगूळ घिऊन पाया पडली, तवाच लेक म्हणलं म्या. इचारा तिला. हिचं आईबाप तिकडं कर्नाटकात ऊस तोडाय गेल्यात. पयलं बाळातपण, न्हेणारं कुणी न्हाई. का तुमच्यात पयल्या खेपंलाबी पोरगी फडावरच मोकळी व्हती?"

हे शेवटचं मुकादमाला लागलं. तो म्हणाला, "तसं कुठं म्हणलो मी? पण बाळूसंगं कोयत्याला कोण? जोडी मोडली की काम माझं आडतंय. अन् तुम्ही जातीचे ना पातीचे, लेक कुठून झाली?"

"फौजेत जात इचारत न्हाईत," मेजर म्हणाले. पण आवाज कापत होता आणि मला तो ऐकू येत होता. म्हणजे मुकादमालाही येत असणार.

कोपीच्या मागून मुकादमाची बायको आली. धिप्पाड बाई, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. तिनं आधी चंद्राच्या पोटाकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. "आठव्या महिन्यात ती काय मोळ्या उचलणार हाये का? बापानं न्यायला यावं म्हणून मी किती वाट बघितली व्हती, इसरला का तुमी? यकटी बाळंत झाले मी, याच बांधावर." मग कुणाला न विचारता तिनं पोत्यातून ओंजळभर ज्वारी काढली, चंद्राला पाटाच्या जागी एका गोणपाटावर बसवलं आणि कुंकू लावून तिची ओटी भरली. नारळ नव्हता. शेजारच्या मोळीतून उसाचं एक कांडं तोडून तिनं ते ओटीत ठेवलं. बाकीच्या बाया एकेक करून पुढे आल्या. मघा विचारणारी सगळ्यात शेवटी आली, पण आली.

त्यानंतर मुकादम काय बोलणार? त्याच्याच बायकोनं लेकीची पाठवणी केली होती. "सोडायलाबी तुम्हीच या," एवढं पुटपुटून तो दोरीकडे वळला.

मेजरांना परत आणायला गेलेली मी, माझ्या स्कूटीवर मागे आठ महिन्यांची गरोदर बाई आणि पायापाशी तिचं गाठोडं घेऊन गाडीवाटेच्या चाकोरीतून निघाले. प्रत्येक खड्ड्याला माझा जीव वरखाली होत होता. पुढे कालव्यापाशी मेजर थांबले, गाडीवरून उतरले आणि कठड्याला धरून उभे राहिले.

"चुकलं, ताई. सरळ ग्येलो. पुन्यांदा त्येच केलं म्या."

"मेजर, सुटलो की आपण."

"त्या बाईनं सोडवलं. म्या तर मारलीच हुती."

मग घर. मेजरांचं गाव कराडच्या पुढे. तोपर्यंत मला वाटत होतं, त्यांनी घरी फोन केला असेल. तो केलेला नव्हता. काकी, म्हणजे त्यांची बायको, अंगणात शेंगा वाळत घालत होत्या. त्यांनी चंद्राकडे बघितलं, तिच्या पोटाकडे, ओटीतल्या उसाच्या कांड्याकडे, मग नवऱ्याकडे. मुकादमापुढे उभा राहिलेला हा माणूस बायकोपुढे शाळेतल्या पोरासारखा उभा होता. "ही... लेक हाय," एवढंच बोलला.

काकी उठून आत गेल्या. आम्ही तिघं अंगणात तशीच. चंद्रा रडायला लागली. मला वाटलं, झालं, आता हिला घेऊन मी कुठं जाऊ? तेवढ्यात काकी बाहेर आल्या, हातात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या. लेक बाळंतपणाला आली की ओवाळतात तसं तिच्यावरून ओवाळून तुकडा टाकला. "उंबऱ्यात उजवा पाय," म्हणाल्या.

संध्याकाळी चुलीपाशी मेजर काहीतरी सांगायला गेले, तेव्हा मी तिथंच होते. काकी भाकरी थापत म्हणाल्या, "मला कायबी सांगू नगा. इतकी वर्सं तुमी कुणाच्या दारात जाताय त्ये इचारलं न्हाई. आता माझ्याच दारात कशाला इचारू? गोळ्या कवा द्यायच्या तेवढं सांगा."

मुलगी झाली, कराडच्या सरकारी दवाखान्यात. मेजर बाहेर व्हरांड्यात पहाऱ्यावर असल्यासारखे येरझारा घालत होते. नर्सनं बाळाला औषधाचे पहिले थेंब दिले, ते त्यांनी दारातून डोळ्यांनी बघितलं आणि मगच बाकावर बसले. घरी आल्यावर शेजारणी विचारायच्या, काय पाजताय पोरीला? काकी सांगायच्या, "अंगात ताकद नाही, डॉक्टरनं टॉनिक दिलंय." दीड महिन्यानं बाळाची पहिली तपासणी झाली. अहवाल यायला वेळ लागतो. तेवढे दिवस मेजरांनी बुटाला पॉलिश केलं नाही, यावरून काय ते समजा. अहवाल चांगला आला. मी फोनवर सांगितलं तेव्हा मेजरांनी फोन तसाच खाली ठेवला, आणि मग काकींनी तो उचलला. "त्ये मागं गोठ्यात ग्येल्यात. रडत्यात," त्या म्हणाल्या. "काय चांगलंच असंल ना?"

चांगलंच होतं. पण अनुदान काही परत आलं नाही. मलकापूरचं ऑफिस बंद झालं, मी पतसंस्थेत नोकरी धरली. मेजर स्वतःच्या गाडीत पेन्शनीतून पेट्रोल टाकून जमेल तेवढं फिरत राहिले. जमेल तेवढं म्हणजे थोडंच. ढाब्यावरच्या एका माणसानं गोळ्या सोडल्या, कळलं तेव्हा उशीर झाला होता. एक टोळी कर्नाटकात गेली, तिच्यातलं एक जोडपं हरवलंच. मी एकदा त्यांच्या घरी गेले तेव्हा त्यांनी हे सगळं सांगितलं. इतकं सलग बोलताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं.

"ताई, एकीला लेक म्हणलं, निभावलं. पण बाकीच्यांचं काय? समद्यास्नी म्या कुठनं माहेर आणू?"



पुढच्या हंगामात चंद्राची टोळी परत आली, यावेळी कोरेगावच्या बाजूला. चंद्राला आणि बाळाला मेजरांनी मधल्या काळात बाळूकडे नेऊन सोडलं होतं, ठरल्याप्रमाणे स्वतःच. बाळाची सहा महिन्यांची तपासणीही चांगली निघाली होती. शेवटची दीड वर्षाला, ती अजून बाकी. एका रविवारी मेजर म्हणाले, चला, नातीला झबलं द्यायचंय. मी झबलं घेऊन गेले. थंडी होती. मेजरांनी तेच निळं जॅकेट घातलेलं, उलटं, दोरे तसेच लोंबत.

गाडी पहिल्या कोपीपाशी थांबली. मला हसू आलं. तिथं मलमाची चौकशी झाली. दुसऱ्या कोपीत मुकादमाच्या आईचा गुडघा. मी मागे झबल्याची पिशवी घेऊन उभी. मेजर तिसऱ्या कोपीकडे वळणार एवढ्यात पलीकडून चंद्राचा आवाज आला, साऱ्या टोळीला ऐकू जाईल असा.

"आबा! आवो, तिकडं काय करताय? लेकीचं घर हिकडं हाये!"

सगळ्या बाया हसल्या. मुकादमाची बायकोही. मेजर जागच्या जागी थबकले. एक पाय तिसऱ्या कोपीच्या दिशेला टाकलेला, तो तसाच. मग त्यांनी माझ्या हातातून पिशवी घेतली, जॅकेट खाली ओढून नीट केलं, आणि सगळ्यांच्या देखत सरळ तिच्या दाराकडे चालू लागले.

दारात चंद्रा मुलीला कडेवर घेऊन उभी होती. आत शिरताना मेजरांनी मागे वळून बघितलं नाही.